फोन नको, चोपडी हवी

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत बारीक अक्षरात काय काय मावलेलं असतं: दूध दीड लिटर, गॅस लावला, विम्याचा हप्ता, मावशींची सुट्टी. शेजारी खिळ्याला पत्त्यांची वही, फ्रिजवर वाणसामानाची यादी आणि कुठेतरी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. तारखा, पत्ते, कामं, टिपणं. हे चार कप्पे एका खिशात बसवले की झाला हातातला ऑर्गनायझर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे त्याला सरळ ‘डिजिटल डायरी’ म्हणत. ते नाव मला अजूनही जास्त पटतं, कारण त्यात फोन येत नाही.

फोन या कप्प्यांत घुसला तो नंतर, आणि अमेरिकेत तो एकटा आला नाही, करार घेऊन आला. हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. जुलै २००८ मध्ये आयफोन ३जी आला तेव्हा दुकानात किंमत लिहिलेली १९९ डॉलर. पण तो दोन वर्षांच्या करारावर. त्यात डेटाचे महिन्याला ३० डॉलर सक्तीचे आणि बोलण्याच्या सगळ्यात स्वस्त योजनेचे सुमारे ४०. सत्तर गुणिले चोवीस म्हणजे १,६८० डॉलर, वर ते १९९. कर आणि एसेमेसचे पैसे आणखी वेगळे. नुकत्याच तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या नावावर उधारीचा इतिहासच नसायचा, त्यामुळे कंपन्या करारासाठी वर अनामत रक्कम मागत. त्याच काळात पाम या अमेरिकी कंपनीचं झेड२२ नावाचं डायरीयंत्र ९९ डॉलरला मिळत होतं. त्यात सिमकार्ड नाही, करार नाही, महिन्याचं बिल नाही. बोलायला एक साधा प्रीपेड फोन आणि लिहायला हे, असा संसार कितीतरी जणांनी केला.

आपल्याकडे करार रुजला नाही, पण २८ आणि ८४ दिवसांची रिचार्जं आहेतच. शिवाय आता प्रश्न पैशांइतकाच लक्षाचाही झाला आहे. उद्याची वेळ बघायला फोन हातात घ्यायचा आणि पाऊण तासाने तो खाली ठेवताना वेळ बघायची राहूनच गेलेली असायची, हे ज्याला कळलंय तोच सिमविना डायरी शोधायला निघतो. म्हणून जुनी पाम यंत्रं सेकंडहँड बाजारात अजून फिरतात. ती घ्यायची तर काय बघायचं, आणि कोणी ती मुळीच घेऊ नयेत, हे सविस्तर सांगतो.

आधी घराणं. १९९६ साली पामचं पहिलं यंत्र, पायलट, आलं: एका मॉडेलात १२८ केबी स्मृती, दुसऱ्यात ५१२. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी तो करण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून खिशात बाळगला आणि कुणी वेळ विचारली की त्यावर लिहिल्याचं नाटक करून पाहिलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ठोकळा खिशात बसतो की नाही, हे त्यांनी आत काय असेल ते ठरवण्याआधी पाहिलं. पुढच्या सगळ्या स्वस्त यंत्रांमध्ये तोच हात दिसतो. २००० सालचं एम१०० दीडशे डॉलरांचं, २ एमबीचं. २००२ चं झायर ९९ डॉलरचं, तेही २ एमबीचं, काळं-पांढरं, पडद्यामागे दिवा नाही. २००३ चं झायर २१ तसंच, फक्त स्मृती ८ एमबी. २००४ चं झायर ३१ रंगीत आणि एसडी कार्डाच्या खाचेसह, १४९ डॉलर. आणि २००५ चं झेड२२, रंगीत आणि पुन्हा ९९.

दोन एमबी ऐकून हसू नका. एका पत्त्याला २०० बाइट धरले तरी हजार पत्ते २०० केबीत बसतात, म्हणजे एका बऱ्या फोटोच्या दहाव्या हिश्श्यात. डायरीला जागा कधीच कमी पडत नाही. खरी अडचण दुसरीकडे असते: जुन्या मॉडेलांत एका टिपणाला सुमारे चार हजार अक्षरांची मर्यादा आहे आणि वर्गवारीचे कप्पे पंधराच करता येतात. लांब टिपणं लिहिणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. बाकीच्यांना पंधरा कप्पे उलट जास्तच होतात.

आता बॅटरी. जुनं यंत्र घेताना निम्मा निर्णय इथेच होतो.

पाम यंत्रांचे बॅटरीच्या दृष्टीने दोन वंश. एम१००, एम१०५, पाम थ्री एक्सई, पाम ओएसवरच चालणारं हँडस्प्रिंग कंपनीचं व्हायझर ही दोन ट्रिपल-ए सेलवर चालतात. झायर, झेड२२, टंगस्टन ई यांच्या पोटात बंद लिथियम बॅटरी. वीस वर्षं जुन्या वस्तूच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: सेलवाली घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळतो तोवर ते यंत्र जिवंत आहे. पण त्याची एक खोड आहे. या यंत्रांत सगळा मजकूर रॅममध्ये असतो, म्हणजे वीज आहे तोवरच. सेल बदलताना आतला छोटा कपॅसिटर साधारण मिनिटभर तग धरतो. तेव्हा नवे सेल आधी पाकिटातून काढून हाताशी ठेवा, यंत्र बंद करा, मग जुने काढा. सेल काढून ठेवून दुकानात गेलात की परत येईपर्यंत पाटी कोरी. जुन्या डिजिटल डायऱ्यांचं हेच पथ्य होतं: त्यात मुख्य आणि राखीव अशा दोन चपट्या सेलांपैकी एका वेळी एकच काढायचा.

रिचार्ज होणारे निकेल सेल घातले तर चालतात, मात्र काटा चुकतो. साध्या अल्कलाइन सेलचा दाब दीड व्होल्टपासून हळूहळू उतरतो, निकेलचा १.२ वर बराच वेळ स्थिर राहून शेवटी एकदम कोसळतो. यंत्र अल्कलाइनच्या उताराने मोजत असतं, त्यामुळे ते आधी उगाच घाबरवतं आणि शेवटी इशारा द्यायला उशीर करतं. निकेल वापरायचे तर दर रविवारी बदला, काट्याकडे बघू नका.

विकत घेताना सेलचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. विसरलेले सेल गळतात आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. गळलेला द्रव अल्कलीचा, म्हणून कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसला की तो मरतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पट्टीवरचा मुलामा गेला असेल तर बारीक सॅंडपेपरचा एखादाच हात. भुकटी आत सर्किटपर्यंत गेलेली दिसली तर नमस्कार करून वस्तू परत द्या.

बंद बॅटरीवाल्यांमध्ये झेड२२, टंगस्टन ई२ आणि पाम टीएक्स ही २००५ ची तीन यंत्रं वेगळी काढायची. त्यांची स्मृती फ्लॅशची आहे, बॅटरी पार झोपली तरी मजकूर राहतो. त्याआधीच्या झायर आणि टंगस्टन ई यांचं तसं नाही. आठ दिवस गावाला जाताना झायर ड्रॉवरमध्ये ठेवून गेलात आणि बॅटरी थकलेली असली तर आल्यावर ते तुम्हाला नव्याने भाषा विचारेल. विक्रेत्याने ‘चालू आहे’ म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नका. पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, एक रात्र ठेवून सकाळी काटा किती उतरला ते पाहायला सांगा. आणि चार्जर सोबत आहे ना, हे विचारा. या स्वस्त यंत्रांना मिनी यूएसबीचं भोक दिसतं, पण ते बहुतेकदा फक्त मजकूर नेण्या-आणण्याचं. चार्जरची पिन बऱ्याचदा निराळी. तो चार्जर हरवलेला असेल तर यंत्र ‘जवळजवळ फुकट’ का मिळतंय हे समजून जा.

बॅटरी बदलायची ठरवलीच तर केस उघडावी लागते आणि बऱ्याचदा जुनी सोल्डर केलेली सापडते. नवी ३.७ व्होल्टचीच हवी. बारक्या लिथियम पाऊचवर, म्हणजे मऊ पाकिटासारख्या बॅटरीवर, सहा आकडे छापलेले असतात, ते माप असतं: ५०३४५० म्हणजे जाडी ५.० मिमी, रुंदी ३४, लांबी ५०. जाडीच्या बाबतीत ‘बसेल हो’ म्हणू नका. दाबून बसवलेली पाऊच बॅटरी पुढे फुगते आणि पहिला बळी पडद्याचा जातो.

पडदा तपासायला दोन मिनिटं पुरतात. हे पडदे दाबावर चालणारे, बोटाच्या विजेवर नाहीत. लेखणीचं टोक, नख, काडेपेटीतली काडी, काहीही चालतं. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांचा अंदाज सरकतो आणि ‘अ’वर टेकवलं तर शेजारचं उमटतं. प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर नावाची जागा आहे. तिथे दाखवलेल्या खुणांवर नेमकं टेकवलं की बहुतेकदा ठीक होतं. त्यानंतर चित्रटिपणाच्या, म्हणजे लेखणीने हवं ते गिरवायच्या, कोऱ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा सावकाश ओढा. रेघ तुटली किंवा उडी मारली तर ती जागा मेलेली आहे. खालचा लिहिण्याचा चौकोन सगळ्यात जास्त घासलेला असतो, तिथे आणखी पाच-सहा रेघा.

त्या चौकोनात लिहायची लिपी म्हणजे ग्राफिटी. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता, म्हणून ए हा आडवी रेघ नसलेला उलटा व्ही. झेरॉक्सने पेटंटवरून खटला भरल्यानंतर २००३ पासून पामने ग्राफिटी २ आणली. तिच्यात टी आणि आय दोन फटक्यांत येतात. जुन्या लिपीवर हात बसलेल्यांना ती आवडली नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. नव्याने शिकणाऱ्याला मात्र कोणतीही चालेल. रोज पंधरा-वीस मिनिटं दिली की आठवड्याभरात हात बसतो.

आपली लिपी या यंत्रांना येत नाही. पाम ओएस ही यंत्रातली कार्यप्रणाली एका अक्षराला एक बाइट देणारी, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या वाऱ्यालाही न उभी राहणारी. देवनागरी पत्ते संगणकावरून ढकलले तर प्रश्नचिन्हांची रांग मिळते. तेव्हा कामं आणि पत्ते रोमनमध्ये: ‘kirana’ असं सुचेल तसं नव्हे, तर कुठल्या स्पेलिंगने शोधणार ते एकदाच ठरवून. ‘देशपांडे’ हे दोन प्रकारे लिहिलं की शोधताना निम्मे सापडतात. एक पळवाट आहे. एम१०० पासून बहुतेक यंत्रांत चित्रटिपणाची सोय आहे, तिथे तुम्ही जे गिरवाल ते जसंच्या तसं राहतं. १६० गुणिले १६० ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरीच्या तीन-चार ओळी बसतात, आपल्या स्वतःच्या अक्षरात. शोधता येत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी ते चित्र. वाण्याच्या यादीला तेवढं पुरे.

तिथींचंही तसंच. पामला ‘दर महिन्याची १२ तारीख’ कळते, ‘दर महिन्याचा तिसरा गुरुवार’ कळतो, पण वद्य चतुर्थी कळत नाही. संकष्ट्या, वडिलांची तिथी, श्रावणी सोमवार हे सगळं नवं पंचांग आलं की हाताने भरायचं. संकष्ट्या बारा, अधिक मास आला की तेरा. अर्ध्या तासाचं काम आहे. वाढदिवस मात्र एकदाच लिहा आणि दरवर्षी फिरवा.

आता ज्या गोष्टीवर मी यंत्राची खरी परीक्षा करतो ती: आत लिहिलेलं बाहेर कसं पडणार? डायरी घेताना लोक पडदा बघतात, रंग बघतात. दोन वर्षांनी यंत्र पडतं तेव्हा कळतं की तीनशे पत्ते आतच राहिले.

पामचं उत्तर हॉटसिंक. एक बटण, आणि संगणकावर सगळ्याची प्रत. संगणकही त्याच काळातला असेपर्यंत ही सोय अजोड होती. पामचा यूएसबी ड्रायव्हर ३२ बिटांचा. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो बसत नाही, आणि बहुतेक नवे ग्राहक इथेच अडकून यंत्र खराब आहे असं समजतात. वाटा तीन. जुना विंडोज एक्सपीवाला लॅपटॉप माळ्यावरून काढणे. पाम ओएसची यंत्रं बनवणाऱ्या न्यूझीलंडच्या अ‍ॅसिका कंपनीने दिलेला ६४ बिटांचा ड्रायव्हर घालून पाहणे. किंवा लिनक्सवर जे-पायलट हा प्रोग्राम वापरणे. मी तिसरी सुचवेन, कारण जे-पायलट नुसती प्रत घेऊन थांबत नाही. तारखा आयसीएस आणि पत्ते व्हीकार्ड स्वरूपात बाहेर काढून देतं, आणि ही दोन्ही स्वरूपं आजचे बहुतेक फोन वाचतात. एम१०० ला सिरियल केबल लागते, नऊ पिनांची, ती सोबत नसेल तर घेऊच नका.

हॉटसिंकमध्ये हमखास होणाऱ्या चुका अशा. एकच नोंद तुम्ही यंत्रावरही बदलली आणि संगणकावरही, तर ते भांडण सोडवत नाही, दोन्ही ठेवतं. म्हणून डुप्लिकेट दिसू लागले की आधी स्वतःची सवय तपासा. दोन यंत्रांना एकच वापरकर्त्याचं नाव देऊ नका, मजकुराची खिचडी होते. आणि सगळ्यात महागाची चूक: यंत्र कोरं झाल्यावर पुन्हा भरताना दिशा बघायची. ‘संगणकावरचं यंत्रावर’ हे निवडायचं असतं. उलटी दिशा निवडली की कोरी पाटी जाऊन भरलेल्या वहीवर बसते. त्याआधी पामचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवला की जिवाला घोर नाही.

सेकंडहँड यंत्रात आधीच्या मालकाचे पत्ते, कधीकधी पासवर्डही असतात. ते वाचत बसू नका. वीजबटण दाबून धरा, मागच्या भोकात टाचणी किंवा पेपरक्लिपचं टोक टेकवून सोडा, बोधचिन्ह दिसलं की वीजबटण सोडा आणि विचारलेल्या प्रश्नाला वरच्या बाणाने हो म्हणा. सगळं पुसलं जातं. नुसती टाचणी टेकवली तर फक्त पुन्हा सुरू होतं, मजकूर राहतो. यंत्र गोठलं की तेवढंच करायचं.

एवढं वाचून उत्साह उरला असेल त्यानेच पाम घ्यावं. मराठीत लिहिणाऱ्या बहुसंख्यांना मी घरातला जुना अँड्रॉइड फोन सिम काढून वापरा असंच सांगेन. बाहेरून घ्यायचा तर विक्रेत्यासमोर सेटिंग्जमधली त्याची खाती काढायला लावा, मग तिथेच रिसेट करा. अँड्रॉइड ५.१ पासून रिसेटनंतरही फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि विक्रेता तोवर गल्लीतून गेलेला असतो. ७.१.१ च्या आधीचे घेऊ नका. त्यांच्यातली सुरक्षा-प्रमाणपत्रं जुनी झाल्यामुळे अनेक संकेतस्थळं उघडत नाहीत. पडद्याची एक कड उचललेली किंवा पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी गेली. आणि मराठीची चाचणी दोन शब्दांत होते: ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ टाइप करा. पहिल्यात रफाराऐवजी आडवा अर्धा र दिसला पाहिजे. दुसऱ्यातलं ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्यामुळे जुन्या फाँटात तिथे चौकोन येतो.

मग विमान मोड लावा, वायफाय लागेल तेव्हाच. दिनदर्शिकेसाठी एटार हे मुक्त अ‍ॅप खात्याविना, फोनमध्येच तारखा ठेवतं. तिथींची आयसीएस फाइल मिळाली तर ती एकदाच आत घ्या, आणि पंचांगाशी दोन-तीन तिथी पडताळा. पत्ते महिन्यातून एकदा व्हीसीएफ, म्हणजे व्हीकार्डचीच फाइल, करून संगणकावर. घड्याळाकडेही लक्ष असू द्या. नेटवर्क नसलं की ते आपल्या क्वार्ट्‌झवर चालतं, आणि दहा लाखात वीस भागांची चूक धरली तरी महिन्याला ५२ सेकंद होतात. वायफाय आठवड्यातून एकदा लावलं की तेही जुळतं.

आयपॉड टच हाही या वाटेवरचा गृहस्थ. २००७ साली तो आला तेव्हा त्याच्या दिनदर्शिकेत तारीख बघता यायची, लिहिता यायची नाही. डायरी म्हणून किती हास्यास्पद! काही आठवड्यांनी ती सोय दिली, पण नोट्ससारखी अ‍ॅपं आधीच्या ग्राहकांना जानेवारीत २० डॉलरला विकली. शेवटचा २०१९ चा, मे २०२२ मध्ये बंद झाला, आयओएस १५ वर थांबला. मराठी उत्तम दिसतं. घेताना मालकाने आपलं खातं काढलंय का तेवढं पाहा, नाहीतर हातात नुसती काच येते.

कुठलंही घ्या, एक काम पहिल्याच दिवशी करून टाका. सिम नसलेलं यंत्र हरवलं की त्याला फोन लावून वाजवता येत नाही. पामच्या प्रेफरन्सेसमध्ये ओनर म्हणून जागा आहे. कुलूप लावून बंद केलं तर उघडणाऱ्याला आधी तीच पाटी दिसते. तिथे आपलं नाव आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लिहा. अँड्रॉइडवर हेच लॉक स्क्रीनवरच्या संदेशात. आणि बॅटरी संपलेली असताना सापडलं तर पडदा काही सांगणार नाही, म्हणून पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तोच नंबर पेनाने लिहा, वर पारदर्शक टेप.